जॉन स्टुअर्ट मिल : सुखाचा हिशेब आणि डोळ्यांतले पाणी

थोरामोठ्यांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या पराक्रमासाठी. कोणी राज्य मिळविले, कोणी शोध लावला, कोणी तुरुंगवास भोगला, असे काही घडले म्हणजे चरित्राला रंग चढतो. ज्या पुरुषाची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत, त्याने यांपैकी काहीच केले नाही. पस्तीस वर्षे तो एका कचेरीत मेजापाशी बसून खलिते लिहीत होता, उरलेल्या वेळात ग्रंथ लिहीत होता, आणि सुट्टी मिळाली म्हणजे रानावनांत हिंडून फुलापानांचे नमुने गोळा करीत होता. तथापि त्याच्या वयाच्या विसाव्या वर्षी त्याच्यावर असा एक प्रसंग ओढवला की, मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येक आईबापाने आणि शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने तो जाणून घ्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते. त्या प्रसंगात बाहेरून पाहणाऱ्यास दिसण्यासारखे काहीच नव्हते. घरातल्या माणसांनाही त्याचा पत्ता लागला नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडन शहरात झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत थोरला. त्याचे वडील जेम्स मिल हे मूळचे स्कॉटलंडमधील एका चांभाराचे चिरंजीव. सर जॉन स्टुअर्ट नावाच्या एका सरदाराच्या आश्रयामुळे त्यांचे शिक्षण झाले होते, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी आपल्या पहिल्या मुलास त्याचेच नाव दिले. जेम्स मिल १८०२ मध्ये लंडनला आले ते लेखणीवर पोट भरण्यासाठी. संसार वाढता, मिळकत बेताची, आणि त्यातच हिंदुस्थानचा एक भला मोठा इतिहास लिहिण्याचे काम त्यांनी अंगावर घेतलेले. हे काम सुमारे बारा वर्षे चालले. या बारा वर्षांत त्यांनी आपल्या मुलास कोणत्याही शाळेत न घालता स्वतः शिकविले.

ते शिक्षण कसे होते? तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषेला आरंभ झाला. त्या काळी ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा कोश मुलांच्या हाती देण्यासारखा नव्हता; म्हणून लहानगा जॉन ज्या मेजावर वडील इतिहास लिहीत त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूस बसून धडा वाची, आणि शब्द अडला की वडिलांना विचारी. जेम्स मिल मोठे तापट गृहस्थ. परंतु दर दोन मिनिटांनी येणारा हा व्यत्यय त्यांनी वर्षानुवर्षे सोसला, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आठवे वर्ष लागेपर्यंत मुलाने इसापच्या कथा, हिरोडोटसचा संपूर्ण इतिहास आणि प्लेटोचे सहा संवाद मुळातून वाचले होते. आठव्या वर्षी लॅटिन सुरू झाले, आणि त्याबरोबरच धाकट्या भावंडांना लॅटिन शिकविण्याचे कामही त्याच्याकडे आले. त्यांचा धडा चुकला तर जबाबदार तोच! सकाळी वडिलांबरोबर गावाबाहेरच्या हिरव्या वाटांनी फिरावयास जावे, आणि आदल्या दिवशी काय वाचले ते कागदाच्या चिठोऱ्यांवरील टिपणांच्या आधाराने तोंडी सांगावे, असा नेम होता. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र आणि तेराव्या वर्षी अर्थशास्त्र झाले. सुट्टी अशी कधी नसे, कारण सुट्टीमुळे कामाची सवय मोडते असे वडिलांचे मत होते. बरोबरीच्या मुलांशी खेळणेही नव्हते. खेळण्यांची वाण होती, गोष्टींच्या पुस्तकांचीही वाणच होती. रॉबिन्सन क्रूसोचे पुस्तक मात्र त्याच्याजवळ होते, आणि ते पुढे त्याच्या आठवणीत कायमचे राहिले.

हे वाचून एखाद्या पालकाच्या मनात हेवा उत्पन्न होईल, तर एखाद्या विद्यार्थ्याच्या अंगावर शहारे येतील. दोघांनाही आमचे सांगणे असे की, मिलने पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा या शिक्षणाविषयी त्याने तक्रारीचा सूर लावला नाही. घोकंपट्टी त्यात नव्हती. प्रत्येक गोष्ट मुलाने आधी स्वतः विचार करून शोधावी आणि शोध थकला म्हणजेच बापाने सांगावी, अशी पद्धत होती. आपल्याला आपल्या समकालीनांच्या पाव शतक पुढची चाल मिळाली, असे तो मानी. मात्र त्या छापील आत्मचरित्रात एक गोष्ट शोधूनही सापडत नाही. त्यात आईचा उल्लेख नाही. पानेच्या पाने बापाविषयी आहेत. ज्या माउलीने नऊ मुले वाढविली तिच्याविषयी एक अक्षर नाही. आमच्या मते या मुलाला काय मिळाले नाही, हे त्या एका मौनावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरूनही कळत नाही.

वडिलांच्या मित्रमंडळींत सर्वांत मोठे जेरेमी बेंथम. या विलक्षण वृद्ध गृहस्थाचे नाव राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ऐकले असेलच. आपले शरीर मृत्यूनंतर जाळू अगर पुरू नये, जपून ठेवावे, असे यांनी सांगून ठेवले होते. त्यांचा सांगाडा त्यांच्याच कपड्यांत, हातात काठी दिलेला असा, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आजही बसलेला आहे. बेंथम यांचा सिद्धांत थोडक्यात असा : मनुष्य सुख इच्छितो आणि दुःख टाळतो; म्हणून ज्या कृत्याने अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख साधते ते कृत्य चांगले, उलट होते ते वाईट. यालाच उपयुक्ततावाद म्हणतात. सुख किती तीव्र आहे, किती काळ टिकणारे आहे, खात्रीचे आहे की नाही, जवळचे की दूरचे, त्यातून आणखी सुख निपजेल काय, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांना मिळेल, अशा सात मापांनी सुख मोजता येते, असे बेंथम यांचे म्हणणे होते. वाण्याच्या वहीसारखी जमाखर्चाची ही रीत हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु तिच्या पोटात मोठी दया होती. राजाचे सुख आणि भिकाऱ्याचे सुख या हिशेबात एकाच भावाने धरले जाते. इतकेच नव्हे, तर मुक्या जनावरांना वाचा नसली तरी वेदना आहे, म्हणून कायद्याने त्यांचाही विचार केला पाहिजे, असे बेंथम यांनी अठराव्या शतकातच लिहून ठेवले होते.

पंधरा-सोळा वर्षांच्या मिलने बेंथमचा ग्रंथ वाचला आणि तो भारावून गेला. तोवर त्याच्याजवळ ज्ञानाचे अनेक तुकडे होते. आता त्या सर्वांना जोडणारे एक सूत्र मिळाले. वडिलांनी त्याला कोणत्याही धर्माची दीक्षा दिली नव्हती. हाच त्याचा धर्म झाला. जगाची सुधारणा करणे, मानवजातीचे सुख वाढविणे, हे त्याने आपले जीवितकार्य ठरविले, आणि या कार्यातच आपलेही सुख आहे असे तो समजू लागला. १८२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत वडिलांच्या हाताखाली कारकून म्हणून लागला. दिवसा कचेरी, पहाटे व रात्री अभ्यास, मित्रांची चर्चामंडळे, नियतकालिकांत लेख, आणि या सर्वांवर कडी म्हणजे बेंथमच्या न्यायालयीन पुराव्यावरील अस्ताव्यस्त हस्तलिखितांचे संपादन करून त्यांचे पाच जाडजूड खंड सिद्ध करणे. हे सर्व विशीच्या आत!

आणि १८२६ च्या शरद ऋतूत तो प्रसंग आला.

एके दिवशी तो उदास होता. कामाच्या ओझ्याने मनुष्य कधी कधी होतो तसा. त्या मनःस्थितीत त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला. ज्या ज्या सुधारणांसाठी आपण झटत आहोत त्या सर्व या क्षणी, जादूची कांडी फिरावी तशा, पूर्ण झाल्या, तर आपल्याला खरोखर आनंद होईल काय? आणि आतून स्पष्ट उत्तर आले, की होणार नाही. त्यासरशी त्याच्या जीविताचा पायाच ढासळला. सुखाच्या शास्त्रात पारंगत झालेल्या या तरुणाला सुख म्हणून काही वाटतच नव्हते. प्रथम त्याला वाटले की, रात्री झोप लागली म्हणजे हे मळभ जाईल. पण सकाळी जाग आली तो ते जागच्या जागी होते. आवडीची पुस्तके वाचून पाहिली. ज्या थोर पुरुषांच्या चरित्रांनी पूर्वी अंगावर रोमांच उभे राहत ती पुन्हा उघडली. अक्षरे तीच होती, पण मन हलेना. तो नेहमीसारखा कचेरीत जाई, सभेत भाषणेही करी. चक्राला गती मिळाली म्हणजे ते जसे आपोआप फिरत राहते तसे हे सर्व चालले होते. अशा स्थितीत आपण एक वर्षाहून अधिक काळ काढू शकणार नाही, असेही त्याच्या मनात येई.

हे कोणाला सांगावे? मनुष्य अशा वेळी आईबापांकडे जातो. परंतु वडील हेच त्याच्या शिक्षणाचे शिल्पकार. ते शिक्षण फसले असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? ऐकून त्यांना यातना होतील, आणि उपाय तर त्यांच्यापाशी असणारच नाही, असे त्याला वाटले. जिवाभावाचा असा मित्रही त्या वेळी नव्हता. तो गप्प राहिला. ही गोष्ट लिहिताना आमची लेखणी थोडी थांबते. आमच्याही वर्गांत असे एखादे मूल असेल की, ज्याचे सर्व ठीक चालले आहे असे सर्वांना वाटते, वह्या नीटनेटक्या आहेत, गुण उत्तम आहेत, आणि आत सगळे सुने सुने आहे. त्याने मिलसारखे गप्प राहू नये. घरी, शाळेत, कोणा एकाजवळ तरी बोलावे. मिलचा हिवाळा कसाबसा सरला, पण तो एकट्याने काढावा लागला हे काही त्या कथेतले अनुकरणीय अंग नव्हे.

आपल्या दुखण्याची चिकित्सा मात्र त्याने मोठ्या कसोशीने केली. जेम्स मिल यांच्या मानसशास्त्राप्रमाणे माणसाच्या सर्व भावना साहचर्याने बनतात. एखादी गोष्ट वारंवार सुखाबरोबर आली की ती गोष्टच प्रिय वाटू लागते. दुःखाबरोबर आली की अप्रिय. तेव्हा मुलाच्या मनात लोककल्याणाची सांगड स्तुतीशी आणि लोकपीडेची सांगड निंदेशी घालून द्यावी, म्हणजे तो जन्मभर परोपकारी होईल, असा हिशेब होता. वर वर पाहता बिनचूक! परंतु मिलला दिसून आले की, अशी बाहेरून बांधलेली गाठ सैल असते, आणि ज्याला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीचे पृथक्करण करण्याची सवय लावली आहे, तो ती गाठ स्वतःच उकलून टाकतो. फुलाच्या पाकळ्या एकेक सोडवून पाहण्यात तो इतका निष्णात झाला होता की, हातात फूल उरले नव्हते. दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला सुख व्हावे हे त्याला मान्य होते, पटलेले होते, सिद्ध करूनही दाखविता आले असते. नुसते पटण्याने ते होत मात्र नव्हते.

सुमारे सहा महिने असे गेले. मग एके दिवशी तो मार्मोंतेल नावाच्या एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचीत होता. त्यात असा प्रसंग आहे की, लेखक लहान असता त्याचे वडील वारतात, घर शोकात बुडून जाते, आणि त्या पोरक्या घरात तो मुलगा एकाएकी उभा राहून सर्वांना धीर देतो, गेलेल्याची जागा मी भरून काढीन, तुमचे सर्व काही मी होईन, असे त्यांना जाणवून देतो. ते दृश्य मिलच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते परक्या देशातल्या, कधीही न पाहिलेल्या एका कुटुंबासाठी आलेले पाणी होते. त्या क्षणापासून त्याचे ओझे हलके होऊ लागले. आपण दगड नाही, आपल्या आत अजून झरा आहे, हे त्याला कळले. ऊन, आकाश, पुस्तके, गप्पा यांत हळूहळू पुन्हा गोडी वाटू लागली.

काही आधुनिक मानसशास्त्रज्ञ या प्रसंगाचा असा अर्थ लावतात की, बापाच्या मृत्यूची गोष्ट वाचून बापाच्या दडपणाखाली चिरडलेले मन मोकळे झाले. तसे थोडेबहुत असेलही. परंतु आम्हांस असे वाटते की, त्या गोष्टीत मरणापेक्षा त्या मुलाने घेतलेला भार मोठा आहे. मिलही आठ भावंडांचा थोरला भाऊ होता, हे विसरून कसे चालेल? दुसऱ्याच्या दुःखात त्याचा शिरकाव झाला, आणि तो तर्काच्या दाराने झाला नाही, एवढे निश्चित.

या अनुभवातून मिलच्या विचारांत जो पालट झाला तो जन्मभर टिकला. सुख हेच जीविताचे साध्य आहे हा सिद्धांत त्याने सोडला नाही. पण सुखाकडे सरळ नेम धरून ते मिळत नाही, असे तो म्हणू लागला. दुसऱ्याचे भले, एखादी कला, एखादे कार्य, यांवर मन ठेवून चालावे; सुख वाटेत आपोआप येऊन भेटते. मी सुखी आहे काय, असे विचारीत बसले की ते निसटले. आणि दुसरे असे की, बुद्धीला जसे शिक्षण लागते तसेच भावनांनाही लागते. पूर्वी कवितेकडे तो फारसा वळला नव्हता. १८२८ मध्ये त्याने वर्डस्वर्थ कवीच्या कविता प्रथम वाचल्या, आणि त्या त्याला औषधासारख्या लागू पडल्या. त्याचे कारण त्याने मोठे मार्मिक दिले आहे. त्याला भीती अशी होती की, जगातली सर्व दुःखे निवारली गेली आणि झगडा उरला नाही, तर मनुष्याला सुख तरी कशाचे राहील? डोंगर, पाणी, साधी माणसे यांकडे शांतपणे पाहण्यात जो आनंद आहे तो कोणाच्या पराभवावर उभा नाही, सर्वांना वाटून घेता येतो, आणि वाटल्याने कमी होत नाही, हे त्याला त्या कवितांत आढळले. संगीताचाही त्याला असाच आधार वाटे. मात्र त्या उदास काळात त्याला एक चमत्कारिक चिंता लागली होती : स्वर तर मोजकेच, त्यांच्या जोडण्या कधीतरी संपून गेल्या तर? आमच्या संगीतप्रेमी वाचकांना हसू येईल. पण दुःखी मन कशाकशाची गणिते मांडीत बसते, याचा हा नमुना आहे.

१८३२ मध्ये बेंथम वारले आणि १८३६ मध्ये वडील. त्यानंतर १८३८ साली मिलने बेंथमवर एक निबंध लिहिला. गुरूविषयी आदर राखून त्याने त्यांचे मोठे वैगुण्य दाखविले आहे. आपल्याहून निराळ्या मनात शिरून तेथून जग कसे दिसते ते पाहण्याची शक्ती, जिला आज आपण समानुभूती म्हणतो, ती बेंथमपाशी फार थोडी होती. ते कधी फारसे आजारी पडले नाहीत, खचले नाहीत, त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले नाही. म्हणून माणसाच्या सुखदुःखाचा हिशेब मांडताना अर्ध्याअधिक रकमा त्यांच्या वहीत आल्याच नाहीत. हे लिहिण्याचा अधिकार मिलने त्या हिवाळ्यात मिळविला होता.

कार्लाइल या प्रसिद्ध ग्रंथकाराची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्याने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला भाग लिहून त्याचे एकुलते एक हस्तलिखित मिलकडे वाचावयास दिले होते. रद्दी समजून ते जाळले गेले. ६ मार्च १८३५ च्या रात्री मिल पांढराफटक चेहरा घेऊन कार्लाइलच्या दारी आला. टिपणेसुद्धा उरली नव्हती. महिन्यांचे श्रम राख झाले होते. आणि तरी त्या रात्री झाले ते असे की, ज्याचे नुकसान झाले तो कार्लाइल व त्याची पत्नी हीच दोघे मिलला धीर देत बसली. मिल गेल्यावर कार्लाइलने बायकोला सांगितले की, या बिचाऱ्याला हा घाव किती खोल आहे ते आपण कळू देता कामा नये. मिलने भरपाई म्हणून दोनशे पौंड देऊ केले. कार्लाइलने शंभरच घेतले. तो भाग त्याने पुन्हा लिहून काढला, ग्रंथ १८३७ मध्ये बाहेर पडला, आणि त्याची सर्वांत उमदी प्रशंसा मिलने केली. पुढे दोघांची मते इतकी फाटली की, मैत्री राहिली नाही. पण त्या रात्रीचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

तर्कशास्त्रावरील मोठा ग्रंथ १८४३ मध्ये व अर्थशास्त्रावरील १८४८ मध्ये निघाला, आणि मिलची गणना युरोपातील पहिल्या प्रतीच्या विचारवंतांत होऊ लागली. १८५१ मध्ये त्याने हॅरिएट टेलर या विदुषीशी विवाह केला. दोघांची ओळख त्यापूर्वी वीस वर्षांची. तिचे पहिले पती १८४९ मध्ये वारले होते. आपल्या लेखनातील उत्तमांश तिचा आहे, असे मिल सांगे. टीकाकार यात अतिशयोक्ती पाहतात; आम्हांस त्या वादात पडावयाचे नाही. संसार सात वर्षेच टिकला. १८५८ मध्ये प्रवासात फ्रान्समधील आव्हीन्यों गावी ती वारली. मिलने तेथील स्मशानाजवळ एक घर विकत घेतले आणि पुढे वर्षातील बराच काळ तो तेथे राहू लागला. दुसऱ्याच वर्षी स्वातंत्र्यावरील त्याचा जगप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. तो त्याने तिलाच अर्पण केला आहे.

उपयुक्ततावाद या नावाचे त्याचे छोटे पुस्तक १८६३ चे. त्यात त्याने बेंथमच्या हिशेबात एक मोठी दुरुस्ती केली. सुखांत केवळ कमीअधिक नसते, उच्चनीचही असते. ज्याने बुद्धीचे, काव्याचे, स्नेहाचे सुख चाखले आहे, तो कितीही असंतुष्ट असला तरी केवळ पोट भरल्याने तृप्त होणाऱ्या प्राण्याशी आपली अदलाबदल करणार नाही. मनुष्य नीतीने का वागतो, याचेही उत्तर त्याने शोधले. कायद्याची, लोकांची किंवा देवाची भीती ही बाहेरची कारणे झाली. खरा आधार आतला आहे. आपण आपल्या बांधवांहून वेगळे नाही, त्यांच्याशी एकरूप आहोत, ही भावना मनुष्यस्वभावात बीजरूपाने असतेच, आणि शिक्षणाने व समाजाच्या सुधारणेने ती वाढते. ह्यूम आणि ॲडम स्मिथ या स्कॉटिश पंडितांनी शंभर वर्षांपूर्वी नीतीचे मूळ सहानुभूतीत आहे असे प्रतिपादिले होतेच. मिलने त्या विचाराला सुखवादाच्या इमारतीत पायाजवळची जागा दिली. ज्याचे प्रेम स्वतःपुरतेच आहे त्याची जगण्यातली गोडी म्हातारपणी आटत जाते, कारण मृत्यूबरोबर त्याचे सर्वच संपणार असते. ज्याने इतरांत जीव गुंतविला आहे त्याचे औत्सुक्य अखेरपर्यंत ताजे राहते, असेही त्याने त्यात नमूद केले आहे.

आता आपल्या देशाविषयी. मिलने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. कचेरीत त्याच्याकडे मुख्यत्वे संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार असे. पस्तीस वर्षांत त्याने सुमारे सतराशे खलित्यांचे मसुदे तयार केले. त्यांतील एक आमच्यासारख्या मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळेने मुद्दाम स्मरावा असा आहे. १८३६ मध्ये, मेकॉलेच्या इंग्रजी शिक्षणाच्या धोरणावर टीका करणारा मसुदा त्याने लिहिला. इंग्रजी भाषा सर्व जनतेपर्यंत पोहोचणे शक्य नाही. देशी पंडितांना हाताशी धरून त्यांच्याद्वारे देशी भाषांतूनच नवे ज्ञान लोकांत पसरेल, असे त्याचे म्हणणे होते. वरिष्ठांनी तो मसुदा अडविला आणि तो कधीच पाठविला गेला नाही. याउलट, स्वातंत्र्यावरच्या त्याच्या त्या थोर निबंधात मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही असेही स्पष्ट म्हटले आहे, आणि त्या समाजांत त्याने आपल्याला धरले होते. त्याच्या वडिलांनी तर हिंदुस्थान न पाहताच त्याचा इतिहास लिहिला, आणि न पाहणे हे इतिहासकाराला सोयीचेच आहे असे समर्थन केले. दुसऱ्याच्या मनात शिरता येत नाही हा जो दोष मिलने बेंथमच्या पदरी घातला, तोच येथे त्याच्या पदरी पडतो. थोर माणसाची समवेदनाही समुद्र ओलांडताना अशी थकते! तथापि ज्यांना त्याने वगळले होते त्यांनीच त्याचा ग्रंथ हाती घेतला. गोपाळ गणेश आगरकर यांच्या मनाची घडण मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने झाली होती, आणि १८८८ पासून सुधारक पत्रात विचारस्वातंत्र्यासाठी व स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी जी लेखणी चालविली तिच्यामागे हे बळ होते.

१८६५ मध्ये मिल पार्लमेंटमध्ये निवडून आला. निवडणुकीच्या वेळी मजुरांच्या एका सभेत त्याला विचारण्यात आले की, मजूरवर्ग बहुधा खोटे बोलतो असे तुम्ही लिहिले आहे, हे खरे काय? त्याने तत्काळ होकार दिला. क्षणभर शांतता पसरली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. तोंडपुजेपणाला ते लोक कंटाळले होते. २० मे १८६७ रोजी, आपल्या एकसष्टाव्या वाढदिवशी, स्त्रियांनाही मत देण्याचा अधिकार असावा अशी सूचना त्याने पार्लमेंटपुढे मांडली. बाजूने ७३ मते पडली आणि विरुद्ध १९६. सूचना फेटाळली गेली, पण ७३ मते मिळाली याचेच सर्वांना नवल वाटले. १८६८ च्या निवडणुकीत तो पराभूत झाला आणि आव्हीन्योंला आपल्या पुस्तकांकडे व वनस्पतींकडे परतला.

तेथे त्याचा एक मित्र होता, कीटकांच्या निरीक्षणाने पुढे जगद्विख्यात झालेला झां आंरी फाब्र. हा त्या काळी गरीब शाळामास्तर होता. मुलींपुढे फुलांच्या परागांविषयी व्याख्यान दिले म्हणून त्याच्यावर गहजब झाला, नोकरी गेली, आणि घरही सोडण्याची पाळी आली. मोठे कुटुंब, हाती पैसा नाही. त्याने लंडनला असलेल्या मिलला पत्र लिहिले. मिलने लगेच तीन हजार फ्रँक पाठविले, ना व्याज ना तारण, आणि फाब्रने ते पुढे पै-पै करून फेडले. फाब्र नंतर ओरांज गावी राहावयास गेला. ३ मे १८७३ रोजी मिल त्याला भेटावयास तेथे गेला, आणि दोघे मिळून दिवसभर वनस्पती शोधीत सुमारे पंधरा मैल चालले. परतल्यावर मिलला ताप भरला. ७ मे रोजी त्याचे निधन झाले. आव्हीन्योंच्या स्मशानात, हॅरिएटच्या शेजारी, त्याला पुरण्यात आले.